मत्रहमधली भुतं

"तू नेमकं करतोस काय?" सुट्टीवर घरी गेलो की प्रत्येक लग्नात कुणीतरी हे विचारतंच. सुरुवातीला मी एमआरआय, प्रतिमांची गुणवत्ता, संशोधन वगैरे सांगून पाहिलं. दोन वाक्यांतच समोरच्याचं लक्ष पंगतीकडे जातं. म्हणून हल्ली सरळ सांगतो, "भुतं काढतो." यात थट्टा कमी आणि खरं जास्त आहे. एमआरआय चालू असताना पेशंट हलला की चित्रात त्याच्या शरीराच्या फिकट सावल्या भलत्याच जागी उमटतात. त्यांना आमच्या धंद्यात 'घोस्ट' असंच म्हणतात, शोधनिबंधांतसुद्धा. आणि सगळ्यांत जास्त भुतं पोटात! माणूस हातपाय स्थिर ठेवू शकतो, डोकं ठेवू शकतो, श्वास कसा ठेवणार? यकृत तर बरगड्यांखालच्या त्या पडद्याला, डायफ्रॅमला, चिकटूनच बसलेलं. आपण नुसते शांत पडून असलो तरी प्रत्येक श्वासाला ते एक-दोन सेंटीमीटर खाली-वर होतं.

गेले दोन महिने मी हे काम मत्रहला राहून करतोय. मत्रह म्हणजे मस्कतच्या शेजारचं जुनं बंदर. सुलतानाचा राजवाडा मस्कतात, पण व्यापार खरा मत्रहचा. अर्धगोल खाडी, तिच्या कडेने कॉर्निश, पाठीशी करडे उघडेबोडके डोंगर, मधे सूक म्हणजे बाजार आणि एका तटबंदीच्या आत लवातियांची जुनी वस्ती. मालाची जहाजं २०१४ साली सोहारला गेली, आता इथे प्रवासी बोटी लागतात. सूकमधून शंभर पावलं चाललात तर अरबी, बलुची, स्वाहिली, मल्याळम, बंगाली आणि सगळ्यांना समजणारी एक मोडकी हिंदी, इतकं सगळं कानावर पडतं. स्वाहिली कुठून आली, तर झांझिबारवर ओमानी सुलतानांचं राज्य होतं. १९६४ ला तिथे उठाव झाला आणि कित्येक कुटुंबं पुढे इकडे परतली. भाषांचं हे मुद्दाम सांगतोय, पुढे लागणार आहे.

तर झालं असं. मी ज्या रुग्णालयात जातो तिथे एक नऊ वर्षांचा मुलगा तपासणीला आला, बरोबर आजोबा. कुटुंब बलुची, चार पिढ्या मत्रहमधलं. मुलाला थॅलेसेमिया मेजर. म्हणजे त्याचं शरीर धड हिमोग्लोबिन बनवू शकत नाही, दर तीन-चार आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं. आजोबांना मी चाचा म्हणायला लागलो, ते मला 'मुहन्दिस' म्हणतात. अरबीत इंजिनिअर. चाचा हिंदीत म्हणाले, "माझा धाकटा भाऊ असाच होता. पिवळा पडायचा, पोट मोठं. चार वर्षांचा होऊन गेला. तेव्हा कुणाला नाव माहीत होतं?"

नाव जगाला १९२५ पासून माहीत होतं. डेट्रॉइटच्या थॉमस कूली या बालरोगतज्ज्ञाने त्या वर्षी या आजाराचं वर्णन केलं. पण नाव कळणं वेगळं आणि दर महिन्याला रक्ताची पिशवी मिळणं वेगळं. १९७० पर्यंत ओमानमध्ये सामान्य माणसासाठी रुग्णालय म्हणावं असं जवळजवळ एकच होतं, आणि ते याच मत्रहमधलं अमेरिकन मिशनचं. अख्ख्या देशात डांबरी रस्ता दहा किलोमीटर आणि शाळा तीन, हे त्या काळाबद्दल नेहमी सांगितले जाणारे आकडे. त्या मिशनच्या इतिहासात शॅरन थॉम्स नावाचे एक डॉक्टर आहेत. ते १९०९ च्या सुमारास इथे आले आणि १९१३ साली गेले. कसे, तर मस्कत आणि मत्रहच्या मधे टेलिफोनची तार ओढताना खांबावरून पडून! डॉक्टर माणूस, इंजिनिअरचं काम करताना गेला. मला हे वाचून उगाचच अपराधी वाटलं. त्यांचा मुलगा वेल्स थॉम्स, तोही डॉक्टर, १९३९ साली मत्रहला परत आला आणि १९७० पर्यंत राहिला. मोतीबिंदूपासून हिवतापापर्यंत सगळं त्याच दारात.

हिवतापाचा इथे संबंध आहे. ज्यांच्या रक्तात थॅलेसेमियाचा किंवा सिकलसेलचा एकच जनुक असतो त्यांना हिवतापाने मरण्याचा धोका बराच कमी असतो, म्हणून हिवतापाच्या मुलखांत हे जनुक टिकून राहिले. ओमानने १९९५ मध्ये देशभर पाहणी केली तेव्हा शंभरात सहा मुलं सिकलसेलची वाहक आणि दोन थॅलेसेमियाची वाहक निघाली. आपल्याकडे विदर्भ-नंदुरबारच्या आदिवासी भागांत सिकलसेल आणि उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांत थॅलेसेमिया, हे ज्यांना जवळून माहीत आहे त्यांना हे आकडे परके वाटणार नाहीत.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत नव्हे खरं तर. चाचांच्या भावाला रक्त मिळालं नाही म्हणून तो गेला. नातवाला रक्त मिळतं म्हणून तो शाळेत जातो, फुटबॉल खेळतो, आणि त्याच रक्तामुळे एक नवा आजार त्याच्या पोटात साठत जातो. रक्ताच्या एका पिशवीत दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह असतं. वर्षाला पंधरा पिशव्या धरल्या तरी तीन ग्रॅम. मोठ्या निरोगी माणसाच्या सगळ्या शरीरात मिळून तीन-चार ग्रॅमच असतं. आणि शरीराला जादा लोह बाहेर टाकायची वाटच नाही, दिवसाला जेमतेम एक मिलिग्रॅम जातं. उरलेलं आधी यकृतात साठतं, मग हृदयात. ते काढायला औषधं आहेत: रात्रभर त्वचेखाली सुईने सोडायचं जुनं डेस्फेरॉक्सामाइन, आणि नंतर आलेल्या गोळ्या. सुलतान काबूस विद्यापीठातून २००६ साली दोन औषधं एकत्र देण्यावर एक निबंध निघाला होता, त्याच्या लेखकांत एक मराठी आडनाव दिसलं तेव्हा परदेशात गाववाला भेटल्यासारखं झालं. असो.

प्रश्न असा की औषध किती द्यायचं? कमी पडलं तर लोह हृदयापर्यंत पोचतं. जास्त झालं तर औषधच कानाला, डोळ्याला, मूत्रपिंडाला त्रास देतं. म्हणजे यकृतात लोह किती आहे हे मोजलंच पाहिजे. इटलीच्या अँजेलुच्ची यांच्या गटाने २००० साली दाखवलं की यकृताच्या तुकड्यातलं लोह कळलं तर सगळ्या शरीरातला साठा कळतो: दर ग्रॅम कोरड्या यकृतामागचे मिलिग्रॅम घ्या, १०.६ ने गुणा, की शरीराच्या दर किलोमागचे मिलिग्रॅम. पंचवीस किलोच्या मुलाच्या यकृतात हा आकडा १० निघाला तर अंगात अडीच ग्रॅमच्या वर लोह. पण यकृताचा तुकडा काढायचा म्हणजे बरगड्यांमधून सुई. नऊ वर्षांच्या मुलाला, दर वर्षी?

इथे एमआरआय कामाला आला. लोह हे चुंबकीय, त्यामुळे ज्या यकृतात लोह जास्त तिथला सिग्नल झपाट्याने विझतो. विझण्याच्या या वेळेला टी-टू-स्टार म्हणतात. नेहमीच्या दीड टेस्लाच्या मशीनवर निरोगी यकृतात ती पंचवीस मिलिसेकंदांच्या आसपास असते, लोहाने भरलेल्या यकृतात एकावर येते. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातून २००१ साली हृदय आणि यकृत दोन्हींसाठी ही पद्धत पुढे आली. एकामागोमाग बऱ्याच वेळा सिग्नल टिपायचा आणि तो कसा उतरतो ते बघायचं. सुई नाही, रक्त नाही. अट एकच, दहा-पंधरा सेकंद श्वास रोखायचा.

आमचा पोरगा मशीनमध्ये गेला. स्पीकरवरून आधीच भरून ठेवलेला अरबी आवाज: खोल श्वास घ्या, श्वास रोखा. मुलगा शाळेत अरबी शिकतो, त्याला शब्द समजले. त्याने भरपूर मोठा श्वास घेतला, आणि मग मोठ्ठा श्वास घेतल्यावर कुठलंही मूल करेल तेच केलं. हळूहळू सोडला. चित्र पडद्यावर आलं तर पोटाच्या कातडीखालच्या चरबीची पांढरी कमान यकृताच्या मधोमध. भूत! आणखी दोनदा करून पाहिलं, पोरगा रडकुंडीला आला. तिसऱ्या वेळचं चित्र 'चालण्यासारखं' दिसत होतं, म्हणून मी त्यावरून आकडा काढला. आकडा इतका चांगला आला की चाचा खूश झाले.

तो आकडा चुकीचा होता, आणि चूक माझी होती. भुतामुळे चित्र नुसतं खराब दिसतं असं नाही. लोहाने भरलेलं यकृत काही मिलिसेकंदांतच काळं पडतं, पण चरबीचा सिग्नल टिकून राहतो. त्या चरबीचं फिकट भूत यकृतावर येऊन बसलं की मशीनला वाटतं, यकृतच अजून उजळ आहे, म्हणजे सिग्नल हळू विझतोय, म्हणजे लोह कमी. चूक नेमकी धोक्याच्या बाजूला होते. डॉक्टर औषध वाढवणार नाहीत.

श्वासाचं भूत येतं कुठून, यासाठी थोडं मागे जायला हवं. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये 'नेचर'मध्ये पहिलं चित्र छापलं, पाण्याने भरलेल्या दोन बारीक नळ्यांचं. ते त्यांनी वेगवेगळ्या कोनांतून सावल्या घेऊन जुळवलं होतं, चाकाच्या आऱ्यांसारखं. नळ्या श्वास घेत नाहीत त्यामुळे तो प्रश्नच नव्हता. १९७५ मध्ये झुरिकला दुसरी पद्धत निघाली: आरे नकोत, ओळीमागून ओळ घ्यायची आणि फूरिएच्या गणिताने चित्र बनवायचं. त्या निबंधावर पहिलं नाव अनिल कुमार यांचं आहे, जे पुढे बंगलोरच्या आयआयएससीत प्राध्यापक होते. सोबत डीटर वेल्टी आणि रिचर्ड अर्न्स्ट (१९९१ चं रसायनशास्त्राचं नोबेल). अॅबर्डीनच्या एडल्स्टाइन, हचिसन आणि मंडळींनी १९८० मध्ये ती ओळींची पद्धत माणसावर चालेल अशी केली. तेव्हाची चुंबकं काही एकसारखी नव्हती, आऱ्यांचं चित्र त्यात धूसर व्हायचं, ओळींचं कमी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अॅबर्डीनला पहिल्या पेशंटची तपासणी झाली. छातीत गाठ, हाडांत पसरलेला कर्करोग आणि बिघडलेलं यकृत, तिन्ही दिसले. म्हणजे यकृत अगदी पहिल्या दिवसापासून या गोष्टीत आहे. त्याआधी १९७७ मध्ये रेमंड डमाडियन यांनी एका सहकाऱ्याच्या छातीचं चित्र काढलं त्याला पावणेपाच तास लागले होते. मिनिटाला पंधरा धरले तर चार हजारांवर श्वास!

ओळींच्या पद्धतीत एक खोड आहे. इथली ओळ म्हणजे चित्राची पट्टी नव्हे. प्रत्येक ओळीत सगळ्या चित्राचा थोडाथोडा अंश असतो. गणपतीच्या आरतीत झांजवाला दर कडव्याला एकदा ताल चुकला तर बिघाड खोलीच्या एका कोपऱ्यात ऐकू येत नाही, सगळ्या आरतीभर ऐकू येतो. तसंच. आणि चुकणं नियमित असलं की भूतही नियमित अंतरावर बसतं. अंतर किती? माझ्या विषयातली ही मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट: साध्या स्कॅनमध्ये पेशंटने जितके श्वास घेतले तितक्या ठिपक्यांवर पहिलं भूत. २५६ ओळी, अर्ध्या सेकंदाला एक, म्हणजे १२८ सेकंद. चार सेकंदांना एक श्वास, म्हणजे ३२ श्वास. भूत बरोबर ३२ ठिपके सरकून. हे पहिल्यांदा फळ्यावर सोडवलं तेव्हा मी खरोखर चित्रात ठिपके मोजत बसलो होतो.

हे एकदा कळलं की उताराही सुचतो. लंडनमध्ये १९८५ साली जी युक्ती निघाली ती मला अजून कौतुकाची वाटते. पोटाला पट्टा बांधा, श्वास कुठे आहे ते बघत राहा, आणि ओळी क्रमाने न घेता अशा घ्या की शेजारशेजारच्या ओळी श्वासाच्या शेजारशेजारच्या टप्प्यावर पडतील. गणिताला वाटतं की माणसाने सगळ्या स्कॅनमध्ये एकच लांबलचक श्वास घेतला. एक श्वास म्हणजे एक ठिपका. भूत मूळ चित्रालाच जाऊन चिकटतं, जरा धूसर होतं एवढंच. पेशंटला काहीच करायचं नाही! मेयो क्लिनिकच्या एमन आणि फेल्मली यांनी १९८९ मध्ये पट्टाही काढला. मशीनच मधूनमधून हालणाऱ्या भागाची जागा बघतं आणि त्याप्रमाणे माप सुधारतं.

पण त्याच १९८५ मध्ये जर्मनीत ग्योटिंगेनला हाझे, फ्राम आणि सहकाऱ्यांनी 'फ्लॅश' काढलं. चुंबकीय कण पूर्ण न झुकवता थोडेच झुकवायचे, म्हणजे सावरायला वेळ लागत नाही. मिनिटांची चित्रं सेकंदांत. मग साहजिकच वाटलं, इतका त्रास कशाला, श्वासच रोखायला सांगा की! पुढे १९९९ मध्ये झुरिकच्या प्रुसमन यांनी अनेक अँटेना एकत्र वापरून वेळ आणखी कमी केला. यकृताचं एमआरआय जगभर जे पसरलं ते 'श्वास रोखा' या दोन शब्दांच्या जोरावर. हे यश खोटं नाही. पण माझं मत विचाराल तर त्यात आम्हा इंजिनिअरांचा आळसही आहे. आधी मशीन माणसाच्या श्वासाशी जुळवून घेत होतं, नंतर माणसाने मशीनशी जुळवून घ्यायचं ठरलं. आणि प्रयोगांना झोपायचे कोण, तर आम्हीच, पंचविशीतले पीएचडीचे विद्यार्थी. वीस सेकंद काय, तीस सेकंद रोखतो. यकृताच्या खऱ्या पेशंटचं पोट पाण्याने फुगलेलं असतं, त्याला धाप असते, तो ऐंशीचा असतो नाहीतर नऊचा असतो. वर २०१३ मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवलं की यकृतासाठी खास वापरतात त्या गॅडोक्सेटेट या इंजेक्शननंतर काही पेशंटना काही सेकंद श्वास धरणंच जमत नाही, नेमके जे सेकंद हवे असतात तेच.

आणि भाषा! 'रोखा' हा शब्द पेशंटच्या भाषेत हवा. मत्रहच्या एखाद्या आजीला घरात स्वाहिली, शेजारी बलुची, आणि मशीन बोलतं पुस्तकी अरबी. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? अक्कलकुव्याहून आलेल्या भिल्ल बाईला रेकॉर्ड केलेलं हिंदी.

सुटका जुन्याच गोष्टीने झाली, आऱ्यांनी. प्रत्येक आरा मधल्या बिंदूतून जातो, त्यामुळे तिथे पुन्हा पुन्हा तेच मोजलं जातं. हालचाल झाली तर भूत न बनता बारीक रेषांत विखुरते. शिवाय मधलं ते माप श्वासाबरोबर वर-खाली होतं, म्हणजे श्वासाचा आलेख आयताच मिळतो, पट्टा नको. चुंबकं आता एकसारखी झालीत, त्यामुळे १९८० ची अडचण उरली नाही. २००७ मध्ये हॅम्बुर्गच्या मंडळींनी आरे १११.२५ अंशांनी फिरवत गेलं तर कुठेही थांबलो तरी सगळ्या दिशा सारख्या भरतात हे दाखवलं, त्याच वर्षी लस्टिग आणि सहकाऱ्यांनी कमी मापांतून पूर्ण चित्र काढायचं गणित दिलं, आणि न्यूयॉर्कच्या फेंग यांनी २०१४ मध्ये दोन्ही जोडलं. २०१६ पर्यंत श्वासाच्या टप्प्याप्रमाणे आरे वेगवेगळ्या गठ्ठ्यांत वाटता येऊ लागले. हालचाल फेकून द्यायची नाही, नीट लावून ठेवायची.

हे सगळं मला तोंडपाठ होतं, आणि तरी मी त्या पोराला आधी श्वास रोखायलाच लावलं होतं. कारण ते दहा सेकंदांत उरकतं आणि बाहेर रांग असते. रात्री खोलीवर चित्रं पुन्हा उघडली तेव्हा तिसऱ्या चित्रातली ती पुसट कमान दिसली. पांढऱ्यावर शोधायची सवय असलेल्या माझ्या डोळ्याला काळ्यावरची करडी दिसलीच नव्हती. सकाळी डॉक्टरांना सांगितलं. ते फक्त म्हणाले, "परत बोलवू."

चाचांना फोन मी केला. आकडा चुकला, असं हिंदीत सांगताना दोनदा अडखळलो. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "म्हणजे जास्त आहे?" म्हटलं, बहुतेक.

या वेळी आऱ्यांचा स्कॅन लावला. स्पीकर बंद. चाचा नातवाच्या पायाला हात लावून तिथेच उभे राहिले. मी मुलाला म्हटलं, काही करू नकोस, नुसता पडून राहा. चार मिनिटं. पडद्यावर त्याच्या श्वासाची नागमोडी रेघ सरकत होती, आधी घाबरल्यासारखी वेडीवाकडी, मग एकसारखी. पोरगा झोपला होता. यकृत काळंकुट्ट, कडा स्वच्छ, मधे कमान नाही. लोह आधीच्या आकड्यापेक्षा बरंच जास्त निघालं. डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळी वाढवली आणि हृदयाचाही स्कॅन लिहून दिला. तो ठीक निघाला.

उठल्यावर मुलाने विचारलं, मी काय केलं? चाचांनी ते हिंदीत मला सांगितलं. मी त्याला ती रेघ दाखवली आणि दोघांनी मिळून बोट ठेवून शिखरं मोजली. एकदा एकोणऐंशी आली, एकदा ऐंशी.